लॅपटॉप, गेम आणि पसरणीचा घाट

"आय-सेव्हन आहे, काय पण चालेल." लॅपटॉपच्या दुकानात हे वाक्य न ऐकलेला माणूस सापडायचा नाही. मग बारावीच्या मार्कांवर खूश होऊन, भिशीचे पैसे घालून घरच्यांनी घेतलेल्या त्या लॅपटॉपवर पोरगं गेम टाकतं. दहा मिनिटांत पंखा घोंघावायला लागतो आणि पडद्यावरचा हिरो अडखळत चालतो. व्हिडिओ नीट चालतो, एक्सेल पळतं, मग गेमलाच काय होतं?

त्यासाठी १९९६ मध्ये जाऊ. त्या वर्षी 'क्वेक' नावाचा गेम आला. खरंखुरं थ्रीडी जग, आणि ते सगळं चित्र कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर एकटा काढायचा. त्याच वर्षी थ्रीडीएफएक्स कंपनीनं वूडू नावाचं कार्ड आणलं. त्यावरची चिप फक्त चित्र काढायची, दुसरं काही नाही.

वेगळी चिप का लागते? तुमच्या फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला साठ वेळा चित्र बदलायचं तर दर सेकंदाला बारा कोटींहून जास्त ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. एकेका ठिपक्याचं गणित फार अवघड नसतं, पण संख्या बघा! आपल्या भिलारला स्ट्रॉबेरीची तोडणी असते ना, तसंच. तिथे एक अतिहुशार शेतकरी उपयोगाचा नाही, पन्नास जोडी हात हवेत. प्रोसेसर हा तो हुशार शेतकरी. ग्राफिक्स चिप म्हणजे ते हात, हजारोंनी.

ही कल्पना आपल्याकडेही नवीन नव्हती बरं का. अमेरिका क्रे कंपनीचा सुपरकॉम्प्युटर द्यायला नाही म्हणाली, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं. मूळच्या अकोला जिल्ह्यातल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली तिथल्या टीमनं १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. एक राक्षसी चिप परवडत नाही, मिळतही नाही, तर ट्रान्सप्युटर नावाच्या लहान लहान चिप जोडून काम वाटून घ्यायचं. त्यावर गेम कुणी खेळलं नाही, हे उघड आहे. पण 'काम वाटा' हा विचार तोच.

आता खरी फाटाफूट. साल १९९९. एनव्हिडियानं जीफोर्स २५६ आणलं आणि त्याला जीपीयू म्हणायला सुरुवात केली. त्याच वर्षी इंटेलनं ८१० नावाचा चिपसेट आणला. त्यात ग्राफिक्स मदरबोर्डवरच, जवळजवळ फुकटात. ऑफिसच्या स्वस्त कॉम्प्युटरसाठी झकास! डेस्कटॉपवाला नंतर हवं तेव्हा कार्ड खोचू शकत होता. लॅपटॉपमध्ये खोचायला जागाच नाही. त्यामुळे बहुतेक लॅपटॉपनी हा दुसरा रस्ता धरला.

या रस्त्यावर ग्राफिक्स पोटभाडेकरूसारखं राहतं. स्वतःची मेमरी नाही, प्रोसेसरचीच रॅम वापरायची. आजचं उदाहरण घ्या. ३२०० स्पीडची एकच डीडीआर-४ रॅमपट्टी असेल तर सेकंदाला साधारण २५.६ जीबी माहिती ये-जा करते, आणि ती दोघांत वाटून. आरटीएक्स ४०६० असलेल्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सच्या स्वतःच्या मेमरीचा वेग २५६ जीबी. बरोबर दहा पट.

हे प्रकरण एकदा कोर्टातही गेलं. विंडोज व्हिस्टा येण्याआधी, २००६ पासून, कॉम्प्युटरवर 'व्हिस्टा केपेबल'चे स्टिकर लागले होते. पण इंटेलच्या ९१५ ग्राफिक्सवर व्हिस्टाचं चकचकीत रूप चालतच नव्हतं. ग्राहकांनी अमेरिकेत दावा लावला. २००८ मध्ये कंपनीचे अंतर्गत ईमेल उघड झाले, तर काय, मायक्रोसॉफ्टचाच एक व्हाइस प्रेसिडेंट कुरकुरत होता की २१०० डॉलर मोजून आपण फक्त ईमेल बघायचं यंत्र घेतलंय! पुढच्या वर्षी त्या दाव्याचा सामूहिक दर्जा कोर्टानं काढून घेतला. स्टिकर मात्र आजही लागतातच, फक्त शब्द बदललेत.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे, तरी रडतो. इथे आपला पसरणीचा घाट येतो. वाईपर्यंत पळत आलेली एसटी घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर येते. गाडी तीच, इंजिन तेच, पण चढ आणि तापमान दोन्ही सांभाळायचं असतं. लॅपटॉपही तापला की स्वतःचा वेग स्वतः उतरवतो. तो बिघडलेला नसतो, जीव वाचवत असतो. डेस्कटॉपचं आरटीएक्स ४०९० कार्ड ४५० वॅट खातं, त्यात १६,३८४ कोअर. लॅपटॉपमधल्या ४०९० मध्ये ९,७२८ कोअर, आणि वीज साधारण ८० ते १५० वॅट. नाव तेच! ही मला सरळ सरळ लबाडी वाटते. आणि 'आय-सेव्हन'च्या नावाच्या शेवटी 'यू' असेल, तर प्रोसेसर आणि त्यातलं ग्राफिक्स दोघांना मिळून मूळ हिशेब बहुधा १५ वॅटचा असतो.

पाचगणीकरांना वाटेल, आमच्याकडे गारवा आहे, आमचा लॅपटॉप कशाला तापेल. उकाड्याला कंटाळूनच तर इंग्रज साहेब इथल्या डोंगरांवर चढले. पण तेराशे मीटरवर हवा समुद्रकाठच्यापेक्षा दहा-बारा टक्के विरळ असते. पंखा तेवढाच फिरतो, उष्णता कमी वाहून नेतो. गारव्याचा बराचसा फायदा तिथेच जिरतो.

घेताना काय विचारायचं? ग्राफिक्स वेगळं आहे का, आणि असेल तर किती वॅटचं. आरटीएक्स ४०६० लॅपटॉपमध्ये ३५ वॅटचंही असतं आणि ११५ चंही, बनवणाऱ्यावर अवलंबून. वेगळं नसेल तर रॅमची दुसरी पट्टी लावायला जागा आहे का. दुसरी पट्टी लागली की येण्या-जाण्याचा रस्ता दुप्पट रुंद होतो, आणि भाडेकरूला त्याचा फरक लगेच जाणवतो.

आणि ज्यांनी आधीच घेतलाय त्यांनी गादीवर ठेवून खेळू नका, खालची जाळी बंद होते. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन १०८० वरून ७२० करा. वीस लाख ठिपक्यांचे सव्वानऊ लाख होतात, निम्म्याहून कमी. चित्र थोडं मऊ दिसेल, पण हिरो पळायला लागेल.