कृष्णाकांठच्या शाळा व त्यांतील शिस्त

या ज्युबिली-पुस्तिकेसाठीं धर्मग्रामाचा इतिहास आम्हीं लिहून द्यावा असा मंडळाचा आग्रह होता. परंतु तो इतिहास इतर लेखकांनीं या अंकांत यथास्थित दिला असल्यामुळें आम्ही निराळा विषय घेतला आहे. त्याला कारणही तसेंच घडलें. गेल्या जून महिन्यांत, शाळा उघडून आठ-दहा दिवस झाले असतील, रविवारच्या मिस्सेनंतर पलूसकडील एक गृहस्थ आपल्या नववींतील मुलाला घेऊन आमच्याकडे आले व म्हणाले, "फादर, हेडमास्तरांना दोन ओळी लिहून द्या. म्हणावं, पोरगं तुमच्या ताब्यात दिलंय, लागंल तेवढं मारा, आमची तक्रार न्हाई. तुमचा शब्द ते मानतील." मुलगा उंबऱ्याबाहेर स्वतःच्या चपलांकडे पाहत उभा होता. आम्हीं त्या वेळीं कांहींच उत्तर दिलें नाहीं. तें पत्र लिहिलें कीं नाहीं हें पुढें येईल. तूर्त एवढेंच सांगतों कीं, त्या रात्रीं विचार करितां करितां या मुलखांतील शाळांचा मागील शंभर-सव्वाशें वर्षांचा इतिहास आमच्या डोळ्यांपुढून गेला, आणि तो वाचकांपुढें ठेवावा असें वाटलें.

'शिस्त' हा शब्द मूळचा आपला नव्हे. तो फारसींतून आला, व नेम धरणें हा त्याचा जुना अर्थ. बंदुकीची शिस्त धरितात तीच ही. म्हणजे शिस्तींत आधीं डोळ्यांपुढें एक लक्ष्य पाहिजे. हात, खांदा व श्वास हे त्या लक्ष्यासाठीं स्थिर करावयाचे. लक्ष्य नाहींसें झालें आणि स्थिर राहण्याची आज्ञा तेवढी उरली, म्हणजे काय होतें हें आमच्या वाडवडिलांनीं पंतोजींच्या शाळेंत पाहिलें आहे.

धूळपाटीवर अक्षरें, तोंडीं पाढे, संध्याकाळीं परवचा, आणि चुकल्यास अंगठे धरून उभें राहणें, उठाबशा, कान पिळणें, कोठें कोठें मुलाला आढ्याला टांगणेंसुद्धां. अशी ती शाळा होती. छडी आणि विद्या यांचें यमक आपल्या भाषेंत उगीच जुळलेलें नाहीं. तथापि पंतोजींना केवळ क्रूर म्हणून निकालांत काढणें आम्हांला मान्य नाहीं. पोटापुरतेंही न मिळणारा तो मनुष्य एकटा वेगवेगळ्या वयाचीं मुलें सांभाळीत असे; छडीखेरीज दुसरें साधन त्याला कोणीं शिकविलें होतें?

इंग्रजी पद्धतीच्या माध्यमिक शाळा निघाल्या तेव्हां शिस्तीचें रूप पालटलें. घंटा आली, वेळापत्रक आलें, हजेरीपट आला, आणि सर्वांत बलवत्तर असा शाळा सोडल्याचा दाखला आला. छडीचा वळ आठवड्यांत जातो. दाखल्यावरील शेरा जन्मभर राहतो. शेंगांच्या टरफलांवरून शिक्षकांशीं वाद घालणाऱ्या बाळ टिळकांची गोष्ट महाराष्ट्रांतील प्रत्येक शाळेंत सांगितली जाते. आम्हांला मौज वाटते ती ही कीं, ती सांगणारे शिक्षकच, दुसऱ्या दिवशीं एखादा पोर तसें बोलला तर त्याला वर्गाबाहेर उभा करितात.

पण आमच्या या भागाला ज्यांची आठवण अधिक जवळची, ते कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजीं कुंभोज येथें झाला. कोल्हापुरांत राजाराम हायस्कुलांत शिकत असतां ते जैन वसतिगृहांत राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले, आणि परत आल्यावर, नियमाप्रमाणें, स्नान केल्याशिवाय पंगतीस बसतां येणार नाहीं असें सांगण्यांत आलें असतां त्यांनीं स्नान करण्याचें नाकारलें. त्यावरून त्यांना वसतिगृह सोडावें लागलें, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. नियम मोडला हें खरें, आणि नियम चुकीचा होता हेंही खरें. हा विद्यार्थी पुढें मॅट्रिकही झाला नाहीं. कांहीं काळ किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचा प्रचार करीत तो खेडोपाडीं हिंडला, आणि शेतकऱ्याच्या घरीं अक्षराचा अभाव किती आहे हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें.

१९१९ सालीं कराड तालुक्यांतील कालें या गांवीं भाऊरावांनीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्याला छत्रपति शाहू बोर्डिंग हाऊस हें नांव मिळालें. येथें सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एकाच चुलीवर शिजवीत व एकाच पंगतीस जेवीत. धान्य मूठमूठ गोळा होई. तें कमी पडलें तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने, शेवटीं मंगळसूत्रसुद्धां, मुलांच्या जेवणासाठीं दिलें. १९३० सालीं त्या वारल्या. मुलांनीं शेतांत राबावें, दगड फोडावे, बांधकामास हात लावावा आणि त्या श्रमावर शिकावें, असा नियम. १९४० सालीं साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालें, तेंही विनामूल्य व निवासी.

या वसतिगृहांतील शिस्त सौम्य होती असें कोणीं समजूं नये. पहाटे उठणें, झाडणें, पाणी भरणें, दळणें, यांतून कोणाचीही सुटका नव्हती. पाटलाच्या मुलाचीही नाहीं. फरक एवढाच कीं, नियम कशासाठीं आहे हें प्रत्येक मुलाला दिसत होतें. पाणी भरलें नाहीं तर भाकरी होत नाहीं. तेथें वेगळी शिक्षा कशाला पाहिजे? ज्याला एका नियमापायीं वसतिगृह सोडावें लागलें त्यानेंच पुढें नियमानें चालणारीं वसतिगृहें उभारावीं, यांत आम्हांला विसंगति दिसत नाहीं. चुकीच्या नियमाची झळ ज्याला लागली, त्याला योग्य नियमाची किंमत अधिक कळते.

आतां पलूसच्या अगदीं शेजारीं येऊं. पलूस हें गांव पूर्वीं तासगांव तालुक्यांत, सातारा जिल्ह्यांत होतें; १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला व १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. परंतु लगतचें कुंडल हें औंध संस्थानांत होतें. तेथील निवडुंगाच्या माळावर १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं आपला कारखाना वसविला, त्याची किर्लोस्करवाडी झाली. जागा देणारे औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते. त्यांच्या संस्थानांतील शाळांत मुलामुलींना नमस्कार सक्तीचे होते. राजा स्वतः रोज नमस्कार घाली व मग प्रजेला सांगे. सक्ति ती सक्तीच, आणि नमस्कार न आवडणारीं मुलेंही असतील. परंतु जें मुलांकडून करवावयाचें तें आधीं स्वतः करावयाचें, हा धडा आम्हां धर्मगुरूंना व शिक्षकांना पुरून उरेल.

याच संस्थानांत १९३९ सालीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलें. गुन्हेगारांना भिंतीवांचून, कुलपावांचून, शेती करीत ठेवण्याचा हा प्रयोग. त्यांत मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअराचा, म्हणजे स्वामी भारतानंदांचा, पुढाकार होता. 'दो आंखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट ज्यांनीं पाहिला त्यांना ही कथा ठाऊक आहे. ती लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच मातींतले. शिक्षा झालेल्या मनुष्यावर जेथें एवढा विश्वास टाकला, त्याच मुलखांत आपण चौदा वर्षांच्या पोरावर टाकूं नये, ही गोष्ट चमत्कारिक नव्हे काय?

शिस्त आणि सदसद्विवेक यांची गांठ पडली म्हणजे काय होतें, याचा दाखलाही फार लांबचा नाहीं. कुंडलच्या जवळच देवराष्ट्रें नांवाचें गांव आहे. तेथें १९१३ सालीं जन्मलेला यशवंत चव्हाण नांवाचा विद्यार्थी कराडच्या टिळक हायस्कुलांत शिकत होता. २६ जानेवारी १९३२ रोजीं त्यानें शाळेच्या आवारांतील झाडावर तिरंगा लावला. पोलिसांनीं धरिलें, अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. माफी मागितली तर मुलगा सुटेल, असें शाळेंतील एका शिक्षकांनीं त्याच्या आईला सुचविलें. शिक्षक दुष्ट नव्हते. मुलाचें वर्ष वांचावें, विधवेचें घर सांवरावें, हीच त्यांची इच्छा असणार. विठाबाईंना लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांनीं माफीची गोष्ट झिडकारून टाकिली. तोच मुलगा तुरुंगांतून सुटल्यावर १९३४ सालीं मॅट्रिक झाला, व १ मे १९६० रोजीं महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला. तो मुख्यमंत्री झाला म्हणून आई बरोबर ठरली असें आम्ही म्हणत नाहीं. तो आयुष्यभर कारकून राहिला असता तरी त्या दिवशींचा आईचा निर्णय तेवढाच बरोबर होता.

पुढें १९४२ नंतर तर या भागांतील तरुण शाळा-कॉलेजें सोडून नाना पाटलांच्या प्रतिसरकारांत व कुंडलच्या तुफान सेनेंत शिरले. हजेरीपटाच्या दृष्टीनें ते गैरहजर; पण कवायत, पहारा व गुप्तता यांची शिस्त त्यांनीं जशी पाळली तशी घंटेनें कोणीं पाळली नसती. त्याच वेळीं, गुंडांच्या तळव्यांवर फटके मारण्याच्या शिक्षेवरून लोकांनीं या सरकारास 'पत्री सरकार' हें नांव दिलें, हेंही विसरतां येत नाहीं. आमच्या मुलखाला मार देण्यांत न्याय दिसण्याची संवय जुनी आहे. ते गृहस्थ आमच्याकडे आले ते याच मातींतून आले.

आपल्या धर्मसभेचा इतिहासही या बाबतींत एकसारखा नाहीं. शलमोनाच्या नांवावरील नीतिसूत्रांतली काठी पुष्कळांच्या तोंडीं असते. मुलांना चिडीस आणूं नका हा पौलाचा इफिसकरांस केलेला उपदेश मात्र फारसा कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. येशूसंघाची शिक्षणपद्धति १५९९ सालीं ठरली, तींत धर्मगुरु-शिक्षकानें स्वतः मुलास मारूं नये, संघाबाहेरचा मनुष्य त्यासाठीं नेमावा, असा नियम होता. मार बंद झाला नाहीं, पण शिकविणारा हात व मारणारा हात वेगळे केले. त्याच्या पुढचें पाऊल ट्युरिनच्या संत जॉन बॉस्को यांनीं टाकिलें. रस्त्यावरच्या पोरांत वावरलेला हा धर्मगुरु १८७७ सालीं आपली प्रतिबंधक पद्धति लिहून गेला. चूक झाल्यावर शिक्षा करण्यापेक्षां चूक होण्यापूर्वीं मुलाजवळ असावें. विवेक, धर्म व ममता या तिहींवर सर्व उभारावें, असें तिचें सार. त्यांचे सालेशियन अनुयायी १९०६ सालीं तंजावर येथें उतरले व पुढें मुंबईसही आले. ही पद्धति कागदावर सोपी व आचरणांत फार महाग आहे, कारण तींत शिक्षकाचा वेळ खर्च होतो. छडीला मिनिट पुरतें.

हें आम्ही परभारें सांगत नाहीं. सेमिनरींतून निघून थोडींच वर्षें झालीं होतीं. दुसऱ्या एका जिल्ह्यांतील एका शाळेंत आमच्याकडे प्रार्थनेची व हजेरीची देखरेख होती. एक मुलगा आठवड्यांतून तीन दिवस उशिरां येई, आणि विचारलें तर गप्प राही. तें मौन आम्हांला उद्धटपणाचें वाटलें, व एके दिवशीं सर्वांदेखत आम्हीं त्याच्या हातांवर वेताचे सहा फटके दिले. नंतर कळलें कीं, शेतीच्या पंपाला वीज रात्रींच मिळे आणि बाप आजारी असल्यामुळें उंसाला पाणी हा मुलगा देत असे. उजाडल्यावर तो झोपे. हें वर्गांत सांगण्याची त्याला लाज वाटत होती. आम्हीं त्याच्या घरीं जाऊन क्षमा मागितली. त्याच्या आईनें चहा केला, आणि "मारलं तर काय झालं, फादर, गुरूच हाय" असें ती म्हणाली. त्या वाक्यानें आमचें समाधान झालें नाहीं. उलट अधिक वाईट वाटलें. मुलानें दिवाळीनंतर शाळा सोडली. आमच्यामुळें कीं बापाच्या आजारामुळें, हें आम्हांला कधींच विचारवलें नाहीं.

आतां कायदाही बोलूं लागला आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें शारीरिक शिक्षा शाळेंतून वगळावी असें म्हटलें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस बंदी केली. तो कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. मात्र तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. नववी-दहावीचीं मुलें, ज्यांच्यावर हात उगारण्याचा मोह अधिक, तीं त्याच्या बाहेर पडतात. अठरा वर्षांखालील मुलाशीं क्रूरपणें वागणाऱ्याला २०१५ चा बालन्याय कायदा गांठतो, पण तो फौजदारी मार्ग झाला. शिक्षकांचीही एक बाजू आहे, ती ऐकली पाहिजे. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, खिशांत मोबाईल, आणि घरून येणारा निरोप एक तर "मारा" असा, नाहीं तर "हात लावाल तर पाहून घेऊं" असा. मधला निरोप कोणी पाठवीत नाहीं. छडी काढून घेतली, पण तिच्या जागीं काय द्यावयाचें हें शिक्षकाला पुरेसें शिकविलें गेलें नाहीं, ही त्यांची तक्रार आम्हांला रास्त वाटते.

त्या गृहस्थांना आम्हीं दुसऱ्या रविवारीं बोलाविलें. मुलाला आधीं एकट्याला बसवून विचारलें, तेव्हां कळलें कीं द्राक्षबागेच्या कामासाठीं पहाटे त्याला उठवितात आणि रात्रीं तो मोबाईल पाहत बसतो. दोन्ही गोष्टी खऱ्या, व बापाला त्यांतली एकच दिसत होती. पत्र आम्हीं लिहिलें. त्यांत मारण्याचा उल्लेख नव्हता. मुलाला गणितांत कोठें अडतें तें पाहावें आणि महिन्यांतून एकदां बापाला शाळेंत बोलवावें, अशी विनंति होती. हेडमास्तरांनीं ती मान्य केली. बाप दोनदां गेले, तिसऱ्या महिन्यांत छाटणीच्या गडबडींत गेले नाहींत. मुलगा अजून कधीं कधीं उशिरां पोहोंचतो. नाताळापूर्वीं तो गायनमंडळाच्या सरावास येऊं लागला आहे, आणि तेथेंही दहा मिनिटें उशिरांच येतो. पेटी उघडून ठेवण्याचें काम आम्हीं मुद्दाम त्याच्याकडे दिलें आहे, त्यामुळें इतर मुलें तोंवर त्याची वाट पाहत बसतात.