काकोडकर, अनिल पुरुषोत्तम

(११ नोव्हेंबर १९४३). भारतीय अणुशास्त्रज्ञ व यांत्रिक अभियंते. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष (२०००–०९). जन्म मध्य प्रदेशातील बडवानी येथे. आईवडील दोघेही गांधीविचारांचे स्वातंत्र्यसैनिक. गोवामुक्तीच्या लढ्यात वडिलांना पोर्तुगालमध्ये तुरुंगवास झाला. त्या काळात आई कमलाताईंनी एकटीने घर सांभाळले. मुंबईला रुपारेल महाविद्यालयात शिकून अनिल काकोडकरांनी माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून १९६३ मध्ये यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेतली. १९६४ मध्ये ते तुर्भ्याच्या अणुशक्ती आस्थापनेत (पुढचे भाभा अणुसंशोधन केंद्र) दाखल झाले. १९६९ मध्ये त्यांनी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी मिळवली. विषय होता प्रायोगिक ताण-विश्लेषण. धातूवर भार आला की तो कुठे वाकेल, कुठे तडकेल, याचे हे शास्त्र पुढे त्यांच्या जवळजवळ प्रत्येक कामात उपयोगी पडले.

तुर्भ्याच्या ‘ध्रुव’ या १०० मेगावॉट औष्णिक क्षमतेच्या संशोधन भट्टीच्या आराखड्यात आणि उभारणीत त्यांचा मोठा वाटा आहे. नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर चालणारी ही भट्टी ऑगस्ट १९८५ मध्ये सुरू झाली. १९७४ आणि १९९८ या दोन्ही वर्षांच्या पोखरण चाचण्यांतही त्यांचा सहभाग होता.

त्यांच्या अभियांत्रिकीची खरी कसोटी मात्र कल्पाक्कमला लागली. १९८८-८९ च्या सुमारास मद्रास अणुवीज केंद्राच्या दोन्ही भट्ट्यांत, मंदायक (न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारा पदार्थ) म्हणून वापरले जाणारे जड पाणी आत सोडणारे भाग तुटले. ते होते भट्टीच्या पोटात, तीव्र किरणोत्सारात. माणूस तिथे पोचणे शक्य नव्हते. भट्ट्या कायमच्या बंद पडण्याची वेळ आली होती. काकोडकरांच्या पुढाकाराने पाण्याचा मार्ग बदलून त्या कमी क्षमतेवर पुन्हा चालू करण्यात आल्या. काही वर्षांनी आत नवी फवारनळ्यांची योजना बसवून त्यांची क्षमता पूर्ववत केली गेली. बाहेरून मदत किंवा सुटे भाग मिळण्याची सोय नसलेल्या काळात ही दुरुस्ती नव्या भट्टीच्या उभारणीइतकीच मोलाची होती.

१९९६ ते २००० या काळात ते भाभा केंद्राचे संचालक होते. त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळात तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या दोन स्वदेशी भट्ट्या सुरू झाल्या आणि होमी भाभा राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. भारत-अमेरिका अणुकराराच्या वाटाघाटींत, शीघ्र प्रजनक (वापरलेल्यापेक्षा अधिक इंधन तयार करणाऱ्या) भट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीच्या कक्षेत आणू नयेत, अशी ठाम भूमिका त्यांनी २००६ मध्ये जाहीरपणे मांडली. त्या भट्ट्या कक्षेबाहेरच राहिल्या. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार गटाने भारताला सवलत दिली आणि युरेनियमच्या आयातीचा मार्ग मोकळा झाला. पद्मश्री (१९९८), पद्मभूषण (१९९९) व पद्मविभूषण (२००९) हे सन्मान त्यांना लाभले.

थोरियम हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास. भारतात युरेनियम तुटपुंजे. थोरियमचे साठे मात्र मोठे, पण थोरियम थेट विखंडनक्षम इंधन म्हणून वापरता येत नाही, आधी त्यापासून युरेनियम-२३३ तयार करावे लागते. त्यासाठी त्यांच्या नेतृत्वाखाली ३०० मेगावॉटच्या प्रगत जड पाणी भट्टीचा आराखडा तयार झाला. तिच्या गाभ्याची उष्णता वाहून नेणारे पाणी पंपाशिवाय, केवळ नैसर्गिक अभिसरणाने फिरते. वीज गेली तरी ते थांबत नाही. या भट्टीची भौतिकी तपासणारी प्रायोगिक सुविधा तुर्भ्याला २००८ मध्ये सुरू झाली. प्रत्यक्ष भट्टी अद्याप उभी राहिलेली नाही.