सपाट झालरींचा फ्रॉक

मी कवितेचा माणूस. कपड्यांच्या इतिहासावर बोलण्याचा मला काय अधिकार, असं कुणी विचारलं तर एवढंच सांगेन की मी शिवणयंत्राच्या आवाजात लहानाचा मोठा झालो. अम्मी मोहल्ल्यातल्या बायकांचे कपडे शिवायची. झालर, चुणी, घेर, अस्तर हे शब्द मला वृत्त आणि यमकाच्या आधी कळले.

गेल्या ईदला माझ्या भाचीने एक ड्रेस मागवला. जुन्या वळणाचा, हल्ली ज्याला 'व्हिंटेज' म्हणतात तसा. कंबरेखाली कापडाचे तीन थर, पण एकालाही चुण्या नाहीत. कौलं बसवावीत तसे एकावर एक सपाट. आपाने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, तो हातात घेतला, उलटून शिवण पाहिली आणि म्हणाली, "अगं, हा तर माझाच फ्रॉक!" भाची हसली. मला मात्र हसता आलं नाही. का, ते पुढे सांगतो.

थरांचा हा घागरा फार जुना आहे. ग्रीसजवळच्या क्रीट बेटावर नोसॉस इथे आर्थर इव्हान्स यांना १९०३ साली उत्खननात स्त्रियांच्या छोट्या मूर्ती सापडल्या. त्यांतल्या एकीच्या दोन्ही हातांत साप आहेत. मूर्ती जेमतेम फूटभर उंचीची, इसवी सनापूर्वी सुमारे १६०० वर्षांची. तिचं डोकं नंतर बसवलेलं आहे, पण घागरा मूळचा. त्यावर कंबरेपासून पावलांपर्यंत झालरींचे थर आहेत. म्हणजे ही हौस साडेतीन हजार वर्षांहून जुनी.

मधली शतकं ओलांडून युरोपात येऊ. १८५१ साली सिंगरने आपल्या शिवणयंत्राचं पेटंट घेतलं. हाताने झालर लावायला दिवस मोडत, ते काम आता भराभर होऊ लागलं. मग झालरींना ऊतच आला. १८५६च्या सुमारास पोलादी कड्यांचा सांगाडा आला आणि घेर एवढा फुगला की दारातून जाताना बायकांना अंग चोरावं लागे. हा फुगीर, हलका पोशाख चटकन पेट घेई. १८६१ साली अमेरिकन कवी लाँगफेलो यांची पत्नी फॅनी कपड्यांना आग लागून गेली. तिला वाचवताना कवीचाही चेहरा भाजला. कपड्याच्या इतिहासात अशीही पानं आहेत.

पहिल्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. १९२०च्या दशकातला पोशाख खांद्यावरून सरळ खाली उतरणारा, कंबर सैल आणि नितंबांपाशी ओघळलेली. अशा पोशाखाला फुगीर झालर शोभत नाही, म्हणून थर सपाट झाले. प्रत्येक थर वरच्या कडेने अस्तरावर शिवलेला आणि खालची कड मोकळी. बाई उभी असली की ते गप्प पडून राहत. चालली किंवा नाचली की एकामागून एक हलत. कंबरेपाशी कापडाचा गठ्ठा नाही, अंगावर भार नाही, आणि तरी चालण्यात एक लय. आजच्या मुलींना या जुन्या वळणाची ओढ वाटते, त्याचं कारण मला इथे दिसतं.

पण दुसरंही एक कारण आहे, हिशेबाचं. समजा, वरचा थर एक मीटर रुंदीचा आहे. चुण्या घालायच्या तर त्याखालचा दीड मीटर लागतो आणि त्याखालचा सव्वादोन. एकूण पावणेपाच मीटर. सपाट थर लावले तर तीन मीटरमध्ये काम भागतं. शिवाय थर अरुंद असतो, त्यामुळे उरलेले तुकडेही कामी येतात.

हा हिशेब दुसऱ्या महायुद्धात साऱ्या ब्रिटनला करावा लागला. १ जून १९४१ पासून तिथे कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं. लोकरी ड्रेसला ११, सुतीला ७. पुढच्या वर्षी तर प्लेट्स किती, बटणं किती, यावरही सरकारी बंधनं आली. आपल्याकडेही १९४३ साली कापड आणि सूत नियंत्रणाचा हुकूम निघाला. अशा काळात १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये क्रिस्तियान दिओर यांनी मीटरच्या मीटर कापड खाणारे लांब, घेरदार स्कर्ट लोकांपुढे आणले. कुणी भारावलं, कुणी संतापलं. ब्रिटनमध्ये या उधळपट्टीला विरोध करणाऱ्यांत सर स्टॅफर्ड क्रिप्स होते. होय, १९४२ साली शिष्टाई घेऊन भारतात आलेले तेच क्रिप्स. ब्रिटनमधलं कपड्यांचं रेशनिंग संपायला १९४९चा मार्च उजाडला.

आता आमच्या घरातली गोष्ट. मी सात-आठ वर्षांचा असेन. ईद तोंडावर होती. आपाला घेरदार, चुण्यांचा फ्रॉक हवा होता. तेवढं कापड आणायची अब्बांची ऐपत नव्हती. अम्मीने गिऱ्हाइकांना विचारून उरलेले पांढरे तुकडे ठेवून घेतले होते. न विचारता तिने कुणाची बोटभर पट्टीही ठेवली नाही. त्या तुकड्यांचे तिने तीन सपाट थर लावले. एक दुधासारखा, एक किंचित पिवळट, एक निळीची झाक असलेला. पुढच्या वर्षी आपा उंच झाली, तेव्हा खाली चौथा थर जोडला.

आणि मी? मी गल्लीतल्या पोरांसमोर ओरडलो, "जिना आला, जिना!" पोरांनी ते उचललं. त्या ईदला आपा सबंध दिवस घराबाहेर पडली नाही. अम्मीने मला मारलं नाही, रागावलीही नाही. ती यंत्रावर बसून राहिली, हे मला अजून दिसतं.

आज तोच जिना दुकानात हजारो रुपयांना मिळतो. ज्यांनी तो गरजेपोटी शिवला, त्यांना त्याची लाज वाटायची. ज्यांना तो परवडतो, त्यांना त्याचा अभिमान वाटतो. मी भाचीला दोष देत नाही. तिला तो खरोखरच शोभतो. फक्त तिला एवढं ठाऊक असावं, की तिच्या आजीला ही कला कुठल्या मासिकातून मिळाली नव्हती.

त्या रात्री मी आपाची माफी मागितली. तब्बल चार दशकांनी. ती म्हणाली, "तू म्हणालास ते मी कधीच विसरले. पण फ्रॉक छान होता रे. तेव्हा मला कळलं नाही."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)