आज आला नाहीत?

न्यूयॉर्कच्या पश्चिम ४७व्या रस्त्यावर ‘फाउंटन हाउस’ नावाची संस्था आहे. मानसिक आजाराशी झगडणारी माणसं तिथे सकाळी येतात, संध्याकाळी आपापल्या घरी जातात. या संस्थेत पगारी माणसं मुद्दाम कमी नेमतात. सभासदांनी हात लावल्याशिवाय दुपारचं जेवण ताटात पडू नये, असा त्यामागचा हिशेब. आज तीसहून अधिक देशांत मिळून तीनशेच्या वर ‘क्लबहाउस’ या धर्तीवर चालतात आणि मनुष्यबळ तोकडं ठेवण्याची अट त्यांच्या नियमावलीतच आहे. एकट्या पडलेल्या माणसाला सोबत द्यावी, हे कुणालाही सुचेल. त्याच्यावाचून काहीतरी अडलं पाहिजे, हे उमगायला मात्र फार काळ जावा लागला.

फार मागे जायचं तर बेल्जियममधल्या गेल या गावी जावं लागतं. तिथल्या सेंट डिम्फनाच्या देवस्थानी मनोरुग्ण बरे होतात, अशी मध्ययुगापासूनची श्रद्धा. गाणगापूरला जाऊन आलेल्या वाचकाला इथवरचं चित्र ओळखीचं वाटेल. पण गेलमध्ये देवळाजवळची जागा पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी या माणसांना आपल्या घरांत ठेवून घेतलं. ती शेतात राबली, मुलं सांभाळू लागली, एकेका घरात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्या छोट्याशा गावात असे साडेतीन हजारांहून अधिक पाहुणे होते. बाकीच्या युरोपात तोवर उंच भिंतींची इस्पितळं उभी राहिली होती.

त्या भिंतींच्या आत पहिली फट पाडली ती जोशुआ बायररने. हा आल्फ्रेड अ‍ॅडलर या व्हिएन्नाच्या मानसशास्त्रज्ञाचा शिष्य. नाझींच्या तावडीतून निसटून इंग्लंडला आलेला. माणूस समाजात आपली जागा हरवून बसतो तेव्हा आजारी पडतो, हे त्याच्या गुरूचं म्हणणं. १९३८ साली एसेक्समधल्या रनवेल इस्पितळात बायररने रुग्णांचा क्लब काढला. रुग्णच पदाधिकारी निवडत आणि कार्यक्रम ठरवत. पुढे १९४६ साली त्याने लंडनमध्ये दिवसापुरतं यायचं उपचार केंद्र उघडलं. ही वाट मोठी होती, पण तिच्या मध्यभागी अजून डॉक्टरच होता.

न्यूयॉर्कमध्ये सुरुवात रुग्णांनीच केली. शहराबाहेरच्या रॉकलँड सरकारी मनोरुग्णालयात चाळीसच्या दशकात काही जण एकत्र बसू लागले. बाहेर पडल्यावरही एकमेकांना सोडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि आपल्या गटाला नाव दिलं, ‘आपण एकटे नाही’. घरी सोडलेल्या माणसाला शहरात ओळखीचं कुणी उरलेलं नसे. नोकरी गेलेली, नातेवाईक दुरावलेले. एलिझाबेथ शेमरहॉर्न या स्वयंसेविकेच्या मदतीने १९४८ साली त्यांना ४७व्या रस्त्यावर घर मिळालं. अंगणात कारंजं होतं, म्हणून नाव फाउंटन हाउस.

तरी पहिली काही वर्षं ही जागा बहुतांशी करमणुकीची होती. गप्पा, पत्ते, संगीत. त्याची किंमत मी कमी करत नाही; ज्याला दिवसभरात कुणी हाक मारलेली नाही, त्याला पत्त्याचा एक डावही पुष्कळ. पण डाव संपला की माणूस पुन्हा आपल्या खोलीत एकटाच.

१९५५ साली जॉन बिअर्ड हा समाजकार्यकर्ता संचालक होऊन आला आणि घराचा नूर पालटला. याआधी मिशिगनमधल्या एलोइझ या अवाढव्य इस्पितळात, वर्षानुवर्षं गप्प बसलेल्या रुग्णांचे छोटे गट करून त्यांना हळूहळू कामात ओढण्याचा प्रयोग त्याने केला होता. माणसाच्या आजारापेक्षा त्याच्यात शाबूत काय उरलंय, हे तो आधी पाही. फाउंटन हाउसमध्ये त्याने वेगळी कामं शोधली नाहीत. घराला जी कामं लागतात, तीच त्याने सभासदांसमोर ठेवली.

अशा घरातली सकाळ पाहण्यासारखी असते. स्वयंपाकघराच्या विभागातले लोक बैठकीला जमतात. फळ्यावर कामं लिहिलेली असतात: भाजी चिरणं, बाजारहाट, गल्ला, भांडी. कुणी हात वर करतं, कुणी नुसतं बसून राहतं. बसून राहिलेल्यावर सक्ती नाही. पगारी कर्मचारीही त्याच ओट्याशी कांदा चिरतो, त्यामुळे सभासद कोण आणि कर्मचारी कोण हे पाहुण्याला चटकन कळत नाही. प्रवेशद्वाराशी फोन घेणारा सभासदच. आणि दोन-चार दिवस कुणी फिरकलं नाही, तर दुसरा सभासद त्याला फोन लावतो, ‘आला नाहीत, बरं आहे ना?’ सगळ्या खटाटोपाचा गाभा मला या फोनमध्ये दिसतो. औषधाची आठवण करून देणारे फोन पुष्कळ येतात. तुमच्याशिवाय आज गल्ल्यावर कुणी नव्हतं, असं सांगणारा फोन विरळा.

ही गोष्ट नेमकी वेळेवर घडली. १९५५ साली अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसं होती. क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारावरचं औषध आदल्याच वर्षी तिथल्या बाजारात आलं होतं. १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडींनी सामुदायिक मानसिक आरोग्याच्या कायद्यावर सही केली आणि पुढे इस्पितळं रिकामी होत गेली. माणसं बाहेर आली खरी, पण जायचं कुठे याची तजवीज फार थोड्यांसाठी झाली.

१९८९ साली क्लबहाउसची नियमावली ठरली. सभासदत्व ऐच्छिक आणि बिनमुदतीचं. दहा वर्षांनी परतलात तरी दार उघडं. फक्त कर्मचाऱ्यांसाठी राखीव अशी खोली नाही, बैठकही नाही. घरातल्या कामाला मोबदला नाही, पण बाहेरच्या कंपनीत तात्पुरती नोकरी मिळवून दिली जाते, तिथे रीतसर पगार. सभासद आजारी पडला, तर त्या दिवशी क्लबहाउसचा माणूस त्याच्या जागी जाऊन काम करतो. सण ज्या दिवशी असेल, त्याच दिवशी तो साजरा करायचा, हाही नियमच. ज्यांनी दिवाळी बंद दाराआड एकट्याने काढली आहे, त्यांना या नियमाचं मोल सांगायला नको.

आपल्या शेजारी, लाहोरला, १९७१ सालीच याच नावाचं फाउंटन हाउस सुरू झालं. तिथे माणसं राहतातही. पुण्यात ही वाट वेगळ्या दिशेने आली. कॅल्गरीत संख्याशास्त्र शिकवणारे, मूळचे धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्या अनुभवातून पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी राहिली. रुग्ण आणि कुटुंबीय यांचे स्वमदत गट आणि पुनर्वसन केंद्र तिने चालवलं. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या चित्रपटामागेही वाणींचं पाठबळ होतं. न्यूयॉर्कशी याचं थेट नातं नाही, पण सुरुवात इथेही सोसणाऱ्याच्या घरातून झाली.

खर्चाचा प्रश्न मात्र सगळीकडे सारखाच आहे. पैसे देणारा विचारतो, किती जण बरे होऊन गेले? बिनमुदतीच्या सभासदत्वात ‘गेले’ हा रकानाच नसतो. आपल्याकडे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ सालापासून आहे. त्यातून दवाखाना आणि औषधं तालुक्यांपर्यंत पोचवण्याची धडपड झाली, ती मोलाचीच. पण औषधाने झोप लागली, भास थांबले, की घरचे विचारतात, आता याने दिवसभर करायचं काय? त्या प्रश्नावर चिठ्ठी लिहून देता येत नाही. जिल्ह्याच्या गावी एक स्वयंपाकघर, एक फोन आणि मोजकीच पगारी माणसं असलेलं घर काढता येईल, आणि ते दवाखान्याच्या आवारात नसावं.