मंडाले ते रत्नागिरी, रत्नागिरी ते मंडाले

हल्ली घराघरात 'स्ट्रेस' हा शब्द ऐकू येतो. शाळेतल्या पोरांनाही असतो म्हणे! आपल्या गावाच्या इतिहासात या विषयावर दोन माणसं आहेत, आणि त्यांची एकमेकांशी अदलाबदल झाल्यासारखी वाटते.

१८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला मंडालेहून उचललं. आधी मद्रास आणि १८८६ च्या एप्रिलपासून आपली रत्नागिरी. तेव्हा तो जेमतेम सत्तावीस वर्षांचा. पुढची तीस वर्षं त्याने इथेच काढली. उपासमार नव्हती. पेन्शन होती, नोकरचाकर होते. १९१० साली भाट्याच्या खाडीकडे तोंड करून जांभ्या दगडाचा राजवाडाही बांधून झाला. पण करायला काय? पैसे पुरत नाहीत म्हणून सरकारकडे अर्ज, बाहेर पडायचं तर पहारा. गादीवर येण्यापूर्वी मठात राहून पाली धर्मग्रंथ शिकलेला हा माणूस! १९१६ च्या डिसेंबरात तो गेला, सत्तावन्नाव्या वर्षी.

आता दुसरा. १८५६ मध्ये रत्नागिरीत जन्मलेले टिळक. १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि रवानगी झाली थेट थिबाच्या जुन्या राजधानीत, मंडालेला. वय बावन्न, अंगात मधुमेह, राहायला लाकडी कोठडी, उन्हाळा भाजून काढणारा. १९१२ मध्ये सत्यभामाबाई गेल्या, ते तिथेच कळलं. तरी तिथे त्यांनी जर्मन, फ्रेंच आणि पालीचा अभ्यास केला. पालीच, बरं का! १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहून काढलं. १९१४ च्या जूनमध्ये सुटले, पुढच्या वर्षी पुस्तक छापून आलं, आणि १९१६ मध्ये होमरूल लीग उभी राहिली. त्याच वर्षी इकडे थिबा गेला.

इथपर्यंत आलं की 'बघा, ध्येय असलं की माणूस टिकतो' असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. लहानपणी आम्हाला हे असंच सांगितलं जायचं, राजा ऐदी आणि टिळक कर्मयोगी. मला आता ते पटत नाही. टिळकांच्या शिक्षेला शेवट होता. सहा वर्षं, मोजता येणारी. पुस्तकं मिळत होती, आणि बाहेर वाट पाहणारा अख्खा देश होता. लिहिलं तर वाचणारे आहेत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. थिबाला तारीखच दिली नव्हती. त्याची भाषा समजणारं माणूस या गावात त्याच्या घराबाहेर जवळजवळ कुणी नव्हतं. आणि मंडालेने टिळकांचीही तब्येत पोखरलीच. १९२० मध्ये चौसष्टाव्या वर्षी तेही गेले.

तरी एक गोष्ट मनातून जात नाही. ज्या पालीत त्या राजाचं तरुणपण गेलं, ती वह्यापुस्तकं इथे कुणी त्याच्यापुढे ठेवली असती तर? इंग्रजांना सुचलं नाही, आपल्यालाही नाही.

१९१९ मध्ये राणी आणि तिच्या मुली परत गेल्या. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली, आणि १९४७ साली इथेच वारली. तिची मुलगी इथेच वाढली, मराठी बोलली.