नदीची चावी

सुरतेत तापीच्या उत्तरेला, अमरोलीच्या पुढे कोसाड. नदीकाठच्या झोपड्यांतून उठवलेली कितीतरी कुटुंबं इथल्या आवास वसाहतीत राहायला आली. नदीकाठी पाणी घागरीनं येतं. मजल्यांच्या इमारतीत ते दाबानं चढवावं लागतं. दहा मीटर उंचीसाठी चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो, हा हिशेब कुणालाच चुकवता येत नाही. रस्त्यातल्या झाकणाखालचा व्हॉल्व्ह या हिशेबाचा राखणदार. त्याचा वंश शोधायला तापीनेच वर जावं.

वर बुऱ्हाणपूर लागतं. 1615 च्या सुमाराचा तिथला कुंडी भंडारा म्हणजे जमिनीखालचा बोगदा आणि त्यावर ओळीनं आभाळाकडे उघडलेल्या कुंड्या. वर तोंड उघडं, म्हणजे दाब साचायला जागाच नाही. औरंगाबादेत मलिक अंबरच्या नहरीनं पुढची पायरी गाठली. तिथे खापरी नळातून पाणी येई आणि वाटेतल्या मनोऱ्यांसारख्या उंच बंब्यांत चढून पुन्हा उतरे. कोंडलेली हवा तिथेच निसटे, दाबही मोडे. कात्रजहून पुण्यात पाणी आणताना नानासाहेब पेशव्यांच्या काळातल्या कारागिरांनी तेच केलं आणि त्या मनोऱ्यांना नाव दिलं उच्छ्वास. आजचा एअर व्हॉल्व्ह यातलं हवा सोडण्याचं काम लोखंडी टोपीत बसून करतो. या जुन्या घराण्यात हलणारा भाग एकही नाही, आणि मला त्याचा हेवा वाटतो: जे हलत नाही ते अडकतही नाही.

बिडाचे नळ आल्यावर मात्र हे पुरेना. नळ मजबूत झाला, दाब कोंडून दूर नेता येऊ लागला. मग फुटलेला तुकडा वेगळा काढायचा कसा? वाफेच्या हातोड्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या जेम्स नॅस्मिथनं 1839 मध्ये पाचरीच्या आकाराचं, दोन्ही बाजूंनी घट्ट बसणारं दार योजलं. आपल्या रस्त्याखालचा स्लूस व्हॉल्व्ह त्याचाच वंशज. आपल्याकडे त्याचं मानक आहे आयएस 14846. त्याचं काम एकच: पूर्ण उघडं नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट ठेवला की पाणी पाचरीच्या काठावरून सुसाटत जातं, पाचर थरथरते, बसण्याची जागा झिजते, आणि एक दिवस बंद करूनही पाणी गळत राहतं. प्रवाह कमी-जास्त करायचा असेल तर ग्लोब किंवा बटरफ्लाय व्हॉल्व्ह हवा.

आपण नेमकं उलट केलं. 1860 मध्ये विहार तलावाचं पाणी मुंबईत पोचलं. शहर वाढलं, पाणी चोवीस तास पुरेना, तसं ते वेळेवर वाटणं आलं. दुरुस्तीसाठी जन्मलेला व्हॉल्व्ह वाटपाला जुंपला गेला. अमुक गल्लीला तासभर, तमुक टेकडीला दाब वाढवून: मुंबईचा चावीवाला हे रोज हातानं करतो. पाणी कुणाला किती, हे बऱ्याचदा त्याच्या टी-आकाराच्या चावीला अभियंत्याच्या नकाशापेक्षा जास्त कळतं.

या हातावर विसंबायचं नाही, असं ठरवणारा माणूस तापीच्याच पट्ट्यात घडला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. खानदेशात त्यांनी पांझरेच्या पात्राखालून नळाचा सायफन नेला, 1896 च्या सुमारास ते सुरतेत होते, आणि 1903 मध्ये खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांची स्वयंचलित दारं बसली. पातळी ठरल्या उंचीला आली की दार आपोआप उघडे, पूर ओसरला की मिटे. हीच कल्पना लहान नळात दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हच्या रूपानं राहते: पडदा, स्प्रिंग आणि पुढच्या बाजूचा दाब, एवढ्यावर तो स्वतःच ठरवतो. रात्री वापर घटतो, नळातला दाब चढतो आणि जुने सांधे फुटतात; तेव्हा हा जागा असतो. मात्र रोज रिकाम्या होणाऱ्या नळात त्याला हवा आणि गाळ दोन्ही गिळावे लागतात, म्हणून आधी गाळणी, वर एअर व्हॉल्व्ह आणि सखल जागी गाळ सोडायची तोटी नसेल तर तो महाग शोभेची वस्तू ठरतो.

तापीवरचा सर्वांत मोठा व्हॉल्व्ह म्हणजे उकाईचं धरण, 1972 मध्ये पूर्ण झालेलं, 22 दारांचं. तिथे कधी आणि किती उघडायचं हा निर्णय माणसाचाच. ऑगस्ट 2006 च्या पुरात सुरतेनं त्याची किंमत पाण्याखाली राहून मोजली.

रस्त्याखालच्या व्हॉल्व्हच्या देखभालीचा भाग साधा असल्यामुळेच राहून जातो. व्हॉल्व्ह वापरानं बिघडतो त्याहून जास्त न वापरल्यानं बिघडतो. वर्षातून निदान दोनदा पूर्ण मिटून पूर्ण उघडायला हवा. डांबराच्या नव्या थराखाली झाकण गाडलं गेलं तर तेही होत नाही. व्हॉल्व्हचा दांडा (स्पिंडल) जिथून बाहेर येतो त्या ग्लँडमधून थेंब येऊ लागले तर आधी नट समान आवळावे, तरी थांबेना तर पॅकिंगची दोरी बदलावी. बंद करताना घाई नको: धावतं पाणी एकदम अडवलं की त्याचा धक्का नळभर धावतो, आणि दोष मात्र नळावर जातो. चावीच्या फेऱ्या मोजून वहीत लिहिल्या तर पुढच्या वेळी कळतं. ठरल्यापेक्षा कमी फेऱ्यांत चावी अडली, तर पाचरीखाली खडे बसलेत. तेव्हा चावीला लांब पाइप लावून जोर काढू नये, स्पिंडल तुटतो. दोनचार फेऱ्या मागे घ्याव्यात, वेगानं जाणाऱ्या पाण्याला खडे धुऊ द्यावेत, आणि मग पुन्हा मिटावं.