लघुउद्योगांसाठी उत्पादनांचे आरक्षण
काही वस्तूंच्या उत्पादनात नव्या मोठ्या कारखान्यांना मज्जाव करून ते क्षेत्र केवळ लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्याचे भारत सरकारचे धोरण. ते १९६७ ते २०१५ या काळात अंमलात होते. कर्ज, अनुदान, भाडेखरेदीने यंत्रे, औद्योगिक वसाहतींतील गाळे इ. सवलतींहून हा उपाय वेगळा होता. यात शासन उद्योजकाला काही देत नसे. त्याच्या प्रतिस्पर्ध्याला रोखीत असे.

या विचाराचे मूळ १९५५ च्या कर्वे समितीच्या अहवालात आढळते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतील ग्रामोद्योग व लघुउद्योगांच्या कार्यक्रमासाठी नेमलेल्या या समितीचे अध्यक्ष अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे हे होते. नव्या यंत्रांमुळे परंपरागत कारागीर बेकार होऊ नयेत, ही समितीची मुख्य चिंता होती. १९५६ च्या औद्योगिक धोरणविषयक ठरावाने मोठ्या उद्योगांच्या उत्पादनावर मर्यादा, भेददर्शी कर आणि प्रत्यक्ष अर्थसाहाय्य हे उपाय मान्य केले. मात्र विकेंद्रित क्षेत्र अखेरीस स्वावलंबी व्हावे, हे उद्दिष्टही त्यातच नमूद होते. पुढील काळात या उद्दिष्टाचा बव्हंशी विसर पडला, असे म्हणावे लागते.

प्रारंभी ४७ वस्तू राखीव होत्या. डिसेंबर १९७७ मध्ये जनता पक्षाच्या सरकारने जाहीर केलेल्या धोरणाने ही संख्या १८० वरून ५०४ वर नेली. १९७८ मध्ये नव्या वर्गीकरणानुसार ती ८०७ झाली. जिल्हा उद्योग केंद्रेही त्याच वर्षी सुरू झाली.

खरी अडचण ‘लघु’ या शब्दाच्या व्याख्येत होती. यंत्रसामग्रीतील गुंतवणुकीची कमाल मर्यादा १९६६ मध्ये साडेसात लाख, १९७५ मध्ये दहा लाख, तर १९८० मध्ये वीस लाख रुपये होती. तिच्यापलीकडे वाढणाऱ्या कारखान्याला परवाना घेऊन उत्पादनाचा मोठा हिस्सा निर्यात करणे भाग पडे. त्यामुळे चांगले चालणारा कारखाना मोठा करण्याऐवजी दुसऱ्या नावाने नवा काढणे सोयीचे ठरे. उलट आरक्षणापूर्वीपासून उत्पादन करणाऱ्या मोठ्या कंपन्यांना आपली तत्कालीन क्षमता राखता येई. म्हणजे नव्या स्पर्धकांपासून त्यांनाही आयतेच संरक्षण मिळाले.

आबिद हुसेन समितीने १९९७ मध्ये आरक्षण रद्द करण्याची शिफारस केली. एप्रिल २००१ मध्ये आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठल्यावर तर विसंगती उघडच झाली : जी वस्तू देशातील मोठ्या कारखान्याला करता येत नव्हती, ती परदेशातील मोठ्या कारखान्यातून आणता येऊ लागली. वस्तू टप्प्याटप्प्याने वगळण्यात आल्या. लोणची, पाव, मेणबत्त्या, आगपेट्या, उदबत्त्या, काचेच्या बांगड्या, कुलुपे, वह्या इ. अखेरच्या वीस वस्तूंवरील आरक्षण एप्रिल २०१५ मध्ये उठविण्यात आले.